फणी आणि कालनिर्णय

पोर डोकं खाजवायला लागली की आपण धरून चालतो, उवा काल-परवाच आल्या. मग गेल्या आठवड्यात ती कोणाकडे झोपली, कोणाची रिबीन लावून आली याची चौकशी सुरू होते आणि शेवटी शेजारच्या एखाद्या मुलीवर बालंट येतं. ही चौकशी बहुतेक वेळा चुकीच्या तारखेपासून सुरू झालेली असते. ऊ चावली की लगेच खाज सुटते असं नाही. रक्त पिताना ती जी लाळ सोडते, तिची ॲलर्जी शरीराला जडावी लागते. पहिल्यांदाच उवा झालेल्या मुलाच्या बाबतीत याला चार ते सहा आठवडे लागू शकतात. म्हणजे आईच्या लक्षात येतं तोवर पहिल्या उवेची पोरंबाळंही डोक्यात नांदायला लागलेली असतात. ज्या मैत्रिणीचं नाव आपण घेतलं, तिला कदाचित आपल्याच लेकीकडून गेलेल्या असतात.

तारखांचा हा घोळ पुढेही चालू राहतो आणि पैसे वाया जातात ते त्यातच. दुकानातून बाटली आणली, रविवारी लावली, सोमवारी डोकं शांत. पंधरा दिवसांनी पुन्हा खाज. मग ‘हे औषध बेकार’ म्हणून दुसरी बाटली, त्यानंतर कोणीतरी सांगितलेलं तेल, त्यानंतर तिसरंच काही. पहिल्या बाटलीनं तिचं काम बऱ्यापैकी केलेलं असतं. चालत्या-फिरत्या उवा तिनं मारलेल्या असतात. अंडी मात्र राहिलेली असतात आणि ती कधी फुटणार हे घरात कोणी मोजलेलं नसतं. म्हणून या प्रकरणात औषधाच्या आधी कालनिर्णय हातात घ्यायचा आहे. दुधाचा खाडा जिथे लिहितो, तिथेच.

ऊ मोठी झाली तरी तिळाएवढीच, दोन ते तीन मिलिमीटर. सहा पाय, प्रत्येकाच्या टोकाला केसाच्या जाडीवर बेतलेली नखी. तिला पंख नाहीत आणि उडी मारता येत नाही. एका केसावरून दुसऱ्या केसावर ती चालत जाते, म्हणूनच दोन डोकी एकमेकांना टेकल्याशिवाय तिचा प्रवास सहसा होत नाही. अंगणवाडीत सतरंजीवर घोळका करून बसलेली मुलं, एका उशीवर झोपलेल्या बहिणी, एकाच मोबाइलवर तीन डोकी घालून बघणारी भावंडं, ही तिची खरी वाट. मुलींना मुलांपेक्षा जास्त होतात यामागे लांब केसांइतकंच गळ्यात गळा घालून बसण्याचंही कारण आहे.

तिचं आयुष्य थोडक्यात असं. मादी दिवसाला आठ-दहापर्यंत अंडी घालते आणि प्रत्येक अंडं केसाच्या मुळाशी, टाळूपासून अर्ध्या-पाऊण सेंटिमीटरच्या आत, डिंकासारख्या चिकट स्रावानं पक्कं करून टाकते. ही लीख. ती सात ते दहा दिवसांत फुटते. बाहेर आलेलं पिल्लू तीनदा कात टाकून आणखी नऊ ते बारा दिवसांत मोठं होतं आणि लवकरच स्वतः अंडी घालायला लागतं. मोठी ऊ डोक्यावर महिनाभर जगते. डोक्यावरून खाली पडली, तर रक्ताविना एक-दोन दिवसांत मरते.

यातले दोन आकडे कालनिर्णयावर मांडायचे आहेत. लीख जास्तीत जास्त दहा दिवसांत फुटते आणि फुटल्यापासून निदान नऊ दिवस त्या पिल्लाला अंडी घालता येत नाहीत. आज डोक्यातल्या सगळ्या मोठ्या उवा काढल्या आणि पुढचे दोन आठवडे दर तीन-चार दिवसांनी नवी पिल्लं वेचत राहिलो, तर अंड्यांना हात न लावताही वंश खुंटतो. पहिला, पाचवा, नववा आणि तेरावा, हे चार दिवस. चारांवर खुणा करायच्या आणि सतराव्या दिवशी तपासणी. यात एकही औषध नाही. बाटलीनं उवा काढायच्या ठरवल्या तरी हेच गणित लागू असतं, कारण बहुतेक औषधं अंड्यांपुढे थोडीफार कमी पडतात.

आता हत्यार. फणी.

इस्रायलमधल्या लाखिश या प्राचीन नगराच्या उत्खननात हस्तिदंताची एक इवलीशी फणी सापडली. लांबी जेमतेम साडेतीन सेंटिमीटर, वय सुमारे ३७०० वर्षं. तिच्यावर कनानी लिपीत कोरलेली बारीक अक्षरं कित्येक वर्षं कोणाच्या लक्षात आली नव्हती. त्यांचं वाचन २०२२ साली प्रसिद्ध झालं. या दातानं केसांतल्या आणि दाढीतल्या उवा निघून जावोत, अशा अर्थाची ती प्रार्थना आहे. त्या लिपीत लिहिलेलं संपूर्ण वाक्य म्हणावं असं सापडलेलं ते पहिलंच, आणि ते निघालं उवांबद्दल. फणीला एका बाजूला सहा जाड दाते, गुंता काढायला, आणि दुसऱ्या बाजूला चौदा बारीक, उवा-लिखांसाठी. आजीच्या फणेरी पेटीतल्या फणीची घडण हीच. कनान प्रदेशात हत्ती नव्हते, हस्तिदंत बाहेरून आणावा लागे, म्हणजे ही फणी कोणा गरिबाची नव्हती. त्या श्रीमंताच्या डोक्यातल्या उवेचा अवशेष संशोधकांना एका दात्यावर मिळालाही.

आपल्याकडची लाकडी किंवा शिंगाची दुहेरी फणी आता बाजारात कमी दिसते. प्लास्टिकची सगळीकडे मिळते, वीस-तीस रुपयांत. ती चालते, पण घेताना दाते उजेडापुढे धरून बघा: ते सरळ, एकमेकांना जवळजवळ चिकटलेले आणि दाबल्यावर न फाकणारे हवेत. लिखाही ओढून काढायच्या असतील तर दोन दात्यांमधली फट ०.३ मिलिमीटरपेक्षा जास्त नको. प्लास्टिकचे दाते दाट केसांत वाकतात आणि पिल्लं मधून निसटतात. लांब दात्यांची धातूची फणी महाग पडते, पण घरात दोन-तीन मुलं असतील तर सगळ्या खर्चात मी तिच्यावरच पैसे घालीन. ती वर्षानुवर्षं टिकते आणि उकळत्या पाण्यात टाकता येते.

उवा आहेत की नाहीत हेही फणीलाच विचारावं. नुसत्या डोळ्यांनी भांग पाडत बघण्यावर आपला फार विश्वास. पण डोक्यात जिवंत उवा सहसा दहा-वीसच असतात, त्या उजेडापासून पळतात आणि चपळ असतात. जर्मनीत ३०४ शाळकरी मुलांची डोकी दोन्ही पद्धतींनी तपासली गेली. नजरेच्या तपासणीत उवा असलेल्यांपैकी २८.६ टक्के मुलं सापडली, ओल्या केसांतून फणी फिरवल्यावर ९०.५ टक्के. ‘मी कालच बघितलं, काही नव्हतं’ या वाक्यावर किती भरवसा ठेवायचा, ते यावरून ठरवावं.

लिखा मात्र डोळ्यांना दिसतात आणि त्याच जास्त फसवतात. पांढरीशुभ्र, चमकणारी, केसावर लांबवर गेलेली लीख म्हणजे रिकामं टरफल. त्यातलं पिल्लू केव्हाच निघून गेलेलं असतं. जिवंत लीख मातकट, तपकिरी असते, टाळूलगत असते आणि दोन नखांमध्ये दाबली की टच्चकन फुटते. केस महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतो, त्यामुळे टाळूपासून दोन सेंटिमीटरवरची लीख दोन महिन्यांची जुनी, असा ढोबळ हिशोब करतात. आपल्याकडच्या उकाड्यात थोडी सवलत ठेवावी, कारण उष्ण हवेत माद्या टाळूपासून जरा लांबही अंडी घालतात. अंतराबरोबर रंगही बघावा. कोंडा आणि लीख यांत गफलत व्हायचं कारण नाही. कोंडा झटकला की पडतो, लीख केसावर घट्ट असते, नखानं ओढावी लागते. व्हिनेगरनं किंवा लिंबानं तो डिंक विरघळतो हा समज बराच पसरलेला आहे. तसं घडत नाही. टाळू चुरचुरते एवढंच.

विंचरायची रीत. परदेशी पुस्तकांत ओल्या केसांना भरपूर कंडिशनर लावा असं लिहिलेलं असतं. कल्पना एवढीच की केस बुळबुळीत व्हावेत, गुंता सुटावा आणि ओल्या, चिकट केसांत ऊ पळू नये. आपल्याकडे हे काम खोबरेल तेल करतं आणि ते घरात असतंच. हात आखडता न घेता, तेल टाळूपासून टोकापर्यंत निथळेल इतकं लावायचं. नेहमीच्या तेल-वेणीचं तेल पुरत नाही. जिथे पाणी टँकरचं किंवा हंड्यानं आणायचं आहे, तिथे तेलावर विंचरणं हीच व्यवहारी रीत आहे. पाणी शेवटी एकदाच लागतं, एक बादली आणि शॅम्पूची एक पुडी. तेल लावून रात्रभर डोक्याला प्लास्टिकची पिशवी बांधायचा सल्ला काही जणी देतात. लहान मुलाच्या डोक्याजवळ झोपेत प्लास्टिक अजिबात नको. सुती फडकं बांधा.

मुलाला उन्हाच्या उजेडात, पाठमोरं, आपल्या दोन गुडघ्यांच्या मध्ये बसवायचं. खांद्यावर पांढरं फडकं किंवा जुना पंचा. आधी जाड कंगव्यानं सगळा गुंता काढायचा, कारण गुंत्यात फणी ओढली की पोर किंचाळतं आणि तिथेच कार्यक्रम संपतो. मग केसांचे चार भाग करून चाप लावायचे. एका वेळी बोटभर रुंदीची बट घ्यायची, फणी टाळूला टेकवून टोकापर्यंत ओढायची, प्रत्येक ओढीनंतर फडक्यावर पुसून बघायची. एकाच बटेतून वरून, खालून आणि दोन्ही बाजूंनी. कानामागे आणि मानेच्या खळग्यात जास्त वेळ द्यायचा. ऊब तिथे असते, लिखाही तिथेच. फडक्यावरच्या उवा नखावर मारा किंवा साबणाच्या गरम पाण्यात टाका. साध्या पाण्यात टाकून त्या बुडून मरतील अशी वाट बघू नका. ऊ श्वासाची छिद्रं मिटून तासन्‌तास पाण्याखाली राहते, त्यामुळे रोज न्हाऊ घातल्यानंही उवा जात नाहीत.

लांब, दाट केसांना अर्धा ते पाऊण तास लागतो. चार-पाच वर्षांचं मूल पाऊण तास एका जागी बसत नाही. मग दोन हप्त्यांत करा, सकाळी डावी बाजू आणि संध्याकाळी उजवी. पण त्याच दिवशी. टीव्ही लावा, गोष्ट सांगा, हातात सोलायला शेंगा द्या. पूर्वी दुपारी ओट्यावर बायका एकीमागे एक बसून एकमेकींच्या उवा बघत आणि सगळ्यात पुढे लहान पोर असे. त्यात गप्पा होत, वेळ कुठे गेला कळत नसे आणि एका दुपारी सगळ्या घराची डोकी निघत. उवांच्या दृष्टीनं यातली शेवटची गोष्ट सर्वांत घातक होती. आज आई कामावरून सात वाजता येते आणि मुलीची वेणी सकाळी रिक्षाचा हॉर्न वाजत असताना घातली जाते. फणी स्वस्त आहे. खरा खर्च त्या चार पाऊण तासांचा आहे, आणि तो परवडत नाही म्हणून घरं बाटल्यांवर पैसे घालतात. यात आळशीपणा शोधू नये.

फणी हरतेही, हे सांगायला हवं. वेल्समध्ये झालेल्या आणि २००० साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलेल्या चाचणीत मॅलॅथिऑन औषधानं ७८ टक्के मुलं उवामुक्त झाली, विंचरण्यानं ३८ टक्के. पाच वर्षांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधल्या चाचणीत पारडं फिरलं. चांगल्या फणीचा संच आणि नीट लिहिलेल्या सूचना मिळालेल्या घरांत ५७ टक्के यश, दुकानातली औषधं वापरणाऱ्यांत १३ टक्के. दोन्हींवरून मी इतकंच धरतो की फणीचं यश हात, दाते आणि तारखा यांवर असतं, तर औषधाचं यश त्या भागातल्या उवा त्याला किती सरावल्या आहेत यावर.

आता औषधं. डॉक्टर सहसा सुचवतात ते पर्मेथ्रिन, एक टक्क्याचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे, दोन महिन्यांच्या वरच्या बाळांसाठी सुरक्षित मानलं जातं आणि महाग नाही. शेवंतीच्या कुळातल्या एका फुलात निसर्गतः जे कीटकनाशक असतं, त्याचीच ही कारखान्यातली नक्कल. लावायची रीत चुकली की मात्र ते वाया जातं. केस आधी साध्या शॅम्पूनं धुऊन तेल पूर्ण काढायचं, कंडिशनर लावायचा नाही, पंचानं टिपून ओलसर केसांना औषध चोळायचं, दहा मिनिटांनी धुवायचं. तेल चापडलेल्या डोक्यावर औषध ओतणं म्हणजे पैसे ओतणं. आणि नवव्या दिवसाच्या सुमारास पुन्हा एकदा. हा दुसरा डोसच लोक चुकवतात. बाटली संपलेली असते, खाज थांबलेली असते. एका बाटलीत किती डोकी होतील, हे घेतानाच दुकानदाराला विचारा आणि दोन खेपांचा हिशोब करून घ्या. खरजेसाठी मिळणारं पाच टक्क्याचं मलम डोक्यावर जास्त जोरात चालेल असं वाटतं, पण त्याचा वेगळा फायदा नाही. जगभर बऱ्याच ठिकाणच्या उवा पर्मेथ्रिनला दाद देईनाशा झाल्या आहेत. औषध लावून एक दिवस उलटला तरी उवा तितक्याच चपळ दिसल्या, तर त्याची तिसरी खेप करू नका, दुसरं औषध बघा. आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या पंधरा किलोंपेक्षा कमी वजनाच्या मुलाला देत नाहीत आणि त्यापुढेही डॉक्टरांनी वजन बघूनच द्यायच्या असतात. डायमेथिकोन हे सिलिकॉनचं तेल उवेला वेढून मारतं, त्यामुळे उवांना त्याची सवय होणं अवघड. किंमत जास्त, एवढीच अडचण. गॅमा बेंझिन हेक्साक्लोराइड हे जुनं नाव कुठल्या बाटलीवर दिसलं तर ती घेऊ नका. त्यानं लहान मुलांना झटके आल्याच्या नोंदी आहेत. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००३ मध्ये त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला.

‘आयुर्वेदिक’ किंवा ‘हर्बल’ लिहिलेल्या तेलांच्या खोक्यांत बहुधा एक फणी फुकट असते. गुण आला तर श्रेय तिला द्यावं, असं मला वाटतं.

घरगुती उपायांत महाराष्ट्राचा स्वतःचा म्हणावा असा उपाय सीताफळाच्या बियांचा. बालाघाटाच्या डोंगररांगांत रानोमाळ सीताफळ. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. दिवाळीच्या आगेमागे घरोघरी बिया साठतात, त्या वाटून तेलात कालवून डोक्याला लावायची पद्धत जुनी आहे. आणि ती खोटी नाही. या बियांत ॲसिटोजेनिन नावाची द्रव्यं असतात, कीटकाच्या पेशींतली ऊर्जानिर्मितीच ती बंद पाडतात. प्रयोगशाळेत त्यांनी उवा मारलेल्या आहेत. फुकटचा, चालणारा उपाय. मग नको का म्हणायचं? डोळ्यांसाठी. तीच द्रव्यं बुबुळावर गेली की वरचा थर सोलवटतो. मुलगी केस धुताना पाणी डोळ्यांत जातं, किंवा वाटण लावलेल्या हातानं ती डोळे चोळते. काही तासांत डोळे लाल, असह्य आग, उजेड सहन होत नाही, दिसायला धूसर. सीताफळाच्या बियांनी झालेल्या अशा इजा भारतातल्या नेत्रतज्ज्ञांनी वैद्यकीय नियतकालिकांत नोंदवल्या आहेत. वेळेवर उपचार झाले तर डोळा बहुधा बरा होतो, पण ते चार-सहा दिवस पाच वर्षांच्या पोराला भोगायला लावण्याइतकी ऊ मोठी नाही. कोणी लावलंच असेल आणि डोळ्यांत गेलं, तर पंधरा-वीस मिनिटं स्वच्छ पाण्याची धार धरा आणि सरळ डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. घरात पडलेले जुने थेंब घालत बसू नका.

खोबरेलात कापूर टाकणारी घरंही पुष्कळ. वास येतो, थंडावा वाटतो, औषध लावल्याचं समाधान मिळतं. पण कापूर पोटात गेला तर लहान मुलाला काही मिनिटांत झटके येऊ शकतात, आणि उघडी वाटी रांगत्या बाळाच्या हाताला लागायला वेळ लागत नाही. तीन वर्षांच्या आतलं मूल घरात असेल तर कापूर डोक्याला नकोच. डांबरगोळ्यांचंही तसंच, काही मुलांच्या रक्तात जन्मतः एका विकराची कमतरता असते, त्यांच्या तांबड्या पेशी नॅप्थलीननं फुटतात. कडुनिंबाचं तेल बाहेरून लावायला हरकत नाही, पोटात मात्र थेंबभरही जाऊ देऊ नये. बाळांना पाजलेल्या निंबतेलानं मृत्यू झालेले आहेत.

रॉकेल आणि मुंग्या-झुरळांचा खडू यांच्याबद्दल लिहावं लागतं, कारण दोन्ही अजून वापरले जातात. रॉकेलानं टाळू भाजते, त्याची वाफ फुप्फुसांत जाते, आणि तशा डोक्यानं मूल चुलीपाशी बसलं तर काय होईल ते सांगायला नको. खडूत जंतुनाशक नाही, कीटकनाशक असतं. फरशीवर ओढायच्या मात्रेचं, मुलाच्या टाळूसाठी कोणी तपासलेलं नाही. शेतातल्या फवारणीच्या डब्यातलं उरलेलं तर कधीच नको. ती विषं कातडीतून आत जातात, खाजवून सोललेल्या टाळूतून अधिकच. चुकून लावलं गेलं असेल आणि मूल घाम-लाळ गाळायला लागलं, उलटी झाली, बाहुल्या बारीक झाल्या, तर कपडे काढून डोकं साबणानं धुवा आणि डबा बरोबर घेऊन दवाखाना गाठा.

मुलग्याचं डोकं चकोट करणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आणि त्यात काही वावगं नाही. केस नाहीत तर नखी अडकवायला जागा नाही. मुलीला विचारल्याशिवाय, आणि शिक्षा म्हणून तर मुळीच, केस कापू नयेत. बॉबकट केल्यानं उवा जात नाहीत, विंचरायचा वेळ निम्मा होतो, इतकंच. तिला ते हवं असेल तर उत्तम.

घर धुऊन काढायची गरज नाही. डोक्यावेगळी झालेली ऊ दोन दिवसांत संपते आणि गादीवर पडलेल्या लिखेला टाळूची ऊब मिळत नाही, ती सहसा फुटत नाही. गेल्या दोन दिवसांत डोक्याला लागलेले उशीचे अभ्रे, ओढण्या, टोपी, पंचे एवढं कडकडीत पाण्यात भिजवून उन्हात टाका. कंगवे, फणी, चाप दहा मिनिटं गरम पाण्यात. धुता येत नाही ते दोन आठवडे पिशवीत बांधून ठेवा. खोलीत कीटकनाशकाचा फवारा मारून मुलांना तिथे झोपवणं हा उवांपेक्षा मोठा धोका आहे.

डोक्यातली ऊ रोग पसरवत नाही. जुन्या लोकांच्या मनातली उवांची भीती बरीचशी तिच्या बहिणीमुळे आहे, कपड्यांच्या शिवणीत राहणाऱ्या अंगावरच्या उवेमुळे. चार्ल्स निकोल यांनी १९०९ मध्ये ट्युनिसमध्ये दाखवून दिलं की टायफस ती पसरवते, आणि त्याबद्दल त्यांना १९२८ चं नोबेल मिळालं. या दोघी वेगळ्या कधी झाल्या, यावरून माणूस कपडे कधी घालायला लागला याचा अंदाज बांधता येईल, ही कल्पना आनुवंशशास्त्रज्ञ मार्क स्टोनकिंग यांना सुचली ती मुलानं शाळेतून आणलेल्या उवांबाबतच्या चिठ्ठीमुळे. २००३ मध्ये त्यांनी अंदाज मांडला, सुमारे ७० हजार वर्षांचा. पुढच्या संशोधनानं तो काळ बराच मागे नेला. अशा चिठ्ठीचा इतका चांगला उपयोग दुसऱ्या कोणी केल्याचं मला माहीत नाही.

त्रास होतो तो खाजवण्यानं. नखांनी टाळू सोलते, तिथे पू होतो, खपल्या धरतात, मानेमागे गाठी येतात. हे दिसलं तर आधी डॉक्टर. सरकारी दवाखान्यातही चालेल. नखं कापलेली ठेवा.

शाळेशी बोलणं हा अवघड भाग, कारण उवांना अजून घाणीशी जोडतात. ऊ धुतलेल्या आणि न धुतलेल्या केसांत फरक करत नाही. उवा झालेल्या मुलीला वर्गाबाहेर बसवणं किंवा घरी पाठवणं निरर्थक आहे. महिनाभर ती तशीच सगळ्यांत बसत होती. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना स्पष्ट सांगते की उवा-लिखांवरून मुलाची शाळा बुडू देऊ नये. बाईंना जाऊन एवढंच सांगायचं: माझ्या मुलीला झाल्यात, मी विंचरते आहे, पालकांना कोणाचंही नाव न घेता कळवा, आणि शक्य झालं तर सगळ्यांना एकच रविवार द्या. ब्रिटनमध्ये काही शाळा असा दिवस ठरवून घरोघरी एकाच वेळी फणी फिरवायला सांगत. आश्रमशाळांत, वसतिगृहांत, ऊसतोडीच्या कोप्यांवर तर दुसरा इलाजच नाही. तिथे एका डोक्याला लावलेलं औषध म्हणजे शेजारच्या खाटेवरच्या उवांना मोकळं केलेलं घर.

घरातही तेच. एकाला सापडल्या की आजी-आजोबांसकट सगळ्यांच्या डोक्यांतून फणी त्याच दिवशी. ज्यांना सापडतील त्यांचेच चार दिवस कालनिर्णयावर मांडायचे. सापडल्या नाहीत त्यांना औषध लावायचं नाही. आई स्वतःचं डोकं शेवटी ठेवते आणि मग राहूनच जातं. तिच्यासाठी फणी दुसऱ्या कोणाच्या तरी हातात हवी, नवऱ्याच्या असली तरी चालेल.

सतराव्या दिवशी तपासताना फडक्यावर काय येतं ते नीट बघा. काहीच नाही, केसांवर नुसती पांढरी टरफलं, म्हणजे काम झालं. टरफलं केसांबरोबर वाढत जाऊन कापली जातील, त्यांच्यासाठी पोराला छळू नका. बारीक पिल्लं आली, तर ती आपल्याच हातून निसटलेली आहेत: फणीचे दाते बघा, एखादा दिवस चुकला का आठवा आणि पुढच्या दोन खुणा करा. अंगानं भरलेली मोठी ऊ आली आणि आधीचे चारही दिवस नीट झाले होते, तर ती घरात वाढलेली नाही. ती बाहेरून, नुकतीच आली आहे. आता गेल्या आठवड्यात पोर कोणाकोणात खेळली ते जरूर विचारा, आणि भांडायला न जाता फणी बरोबर घेऊन त्या घरी जा.